जावयाचा अंगठा

आमच्या घराला डॉक्टर जावई मिळाला त्या दिवसापासून आम्ही डॉक्टरकडे जाणं बंद केलं. दुखणी यायची, पण ती जपून ठेवायची पद्धत पडली. माझ्या बायकोचा, लतिकाचा गुडघा, माझं पित्त, समोरच्या गोपीनाथजींना झोपेत येणारा ठसका, सगळं "केयूरराव येतील तेव्हा" म्हणून बाजूला काढलेलं असायचं. केयूरराव दीड वर्षात चारदा आले. तीनदा येऊन झोपले. चौथ्यांदा आले ते डोहाळजेवणाला, तेही सतरा मिनिटांसाठी. फुलांचे दागिने घातलेली आमची अवनी हातात धनुष्यबाण धरून बसली आहे आणि मागे तिचा नवरा उभ्याउभ्या डोळे मिटून आहे, असा फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. पाहुणे म्हणतात, किती तल्लीन झालेत!

केयूर मूळचा अकोल्याचा. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेत त्याला जो नंबर लागला, त्या नंबरावर महाराष्ट्रात काही मिळेना. गंगेपलीकडे रामनगरात, त्रिपथगा मेडिकल कॉलेजात, हाडं मिळाली. तो हाडांचा निवासी डॉक्टर झाला. निवासी म्हणजे जो कधीच घरी राहत नाही तो, हे मला लग्नानंतर कळलं. बनारसात आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीला तो जेवायला आला, लागोपाठ दोन पंगतींना बसला आणि तिसरी वाढेपर्यंत सतरंजीवर झोपी गेला. लतिकाने त्याला तिथेच पसंत केलं. म्हणाली, "मुलगा शांत आहे."

सातव्या महिन्यापर्यंत अवनी रामनगरातच होती. कॉलेजच्या फाटकासमोर दोन खोल्या, खिडकीतून प्रसूती विभागाची पाटी दिसायची. चालत चार मिनिटं. तिथून तिला आम्ही उचलून राजा घाटावर आणलं, कारण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माहेर म्हणजे आमचं घर: एका बाजूने घाटापासून सत्तर पायऱ्या वर, दुसऱ्या बाजूने मोटार जिथे थांबते तिथून गल्लीत सहा वळणं आत. या गल्लीत माणूस आणि म्हैस समोरासमोर आले तर माणूस मागे जातो. "तिथे तिचं करणार कोण?" असं लतिका म्हणाली, मी म्हणालो, अकोल्याहून विहीणबाईंनीही फोन करून म्हटलं. दवाखान्याच्या दारात राहणाऱ्या बाईला आम्ही बिनविरोध दवाखान्यापासून दूर नेलं. केयूर ड्यूटीवर होता.

तपासण्यांचंही तसंच. दर पंधरा दिवसांनी जायचं, सकाळी सातला लाईनीत उभं राहून पर्चा, म्हणजे केसपेपर, काढायचा. लतिकाला ते फार लागे. "घरचा माणूस आत डॉक्टर आणि आपण बाहेर पर्च्यासाठी उभं राहायचं? लोक काय म्हणतील त्यांना?" केयूरनेही फोनवर सांगितलं, "आई, तुम्ही उभ्या राहू नका. माझा ऑफ आला की मी बाजूच्या दाराने नेतो." ऑफ येणार होता. त्याची वाट बघताबघता दोन तपासण्या निघून गेल्या.

आता अंगठ्याबद्दल सांगायला हवं.

केयूरच्या युनिटचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. डॉ. मुकुल म्हणून त्यांचे सीनियर. त्यांचा नियम असा की त्यांनी काही टाकलं की एका मिनिटाच्या आत प्रत्येक ज्युनियरने अंगठा टाकायचा. तोच, मोबाइलमधला, पिवळा, वर उभा असलेला. मिनिट उलटलं की एक ड्यूटी जादा. दिवसाला दीडशे-दोनशे निरोप. बारा नंबरला उपाशी ठेवा: अंगठा. एक्स-रे कुठाय: अंगठा. माझी पेनं कोण चोरतं: अंगठा. हे केयूरनेच डोहाळजेवणाच्या त्या सतरा मिनिटांत सांगितलं होतं. "बाबा, आता वाचावंही लागत नाही. फोन थरथरला की बोट आपलं आपण जातं." आम्ही पोट धरून हसलो. अवनी सगळ्यांत जास्त हसली, तिला धनुष्य खाली ठेवावं लागलं.

पण दुसऱ्यांची गंमत ऐकताना ती आपल्याला लागू आहे असं कोणाला वाटतं? आमच्याकडे येणारे अंगठे आम्ही निराळे धरत होतो. अवनीने विचारावं, "चुकून पपई खाल्ली, चालेल का?" अंगठा. "बाळ आज कमी हललं." अंगठा. लतिका कौतुकाने म्हणायची, "बघा, एवढ्या कामात चार सेकंदांत उत्तर." अंगठा आला की घरात तो विषय संपायचा. गोपीनाथजीसुद्धा आपल्या ठसक्याबद्दल माझ्यामार्फत विचारून एक अंगठा घेऊन गेले होते. त्यांना उतार पडला होता.

फाल्गुनातला मंगळवार. सकाळी सातला अवनी कपाळ दाबत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"आई, डोकं फुटतंय गं. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"झोप झाली नसेल. चहा घे."

"चेहरा बघ ना माझा. केवढा सुजलाय."

"आठव्या महिन्यात अंग येतंच. तुझ्या वेळी माझ्या पायांत चप्पल जात नव्हती. केयूररावांना विचारलंस?"

तिने टाइप केलं आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं: डोकं खूप दुखतंय, डोळ्यांसमोर चमकतंय, हातपाय-तोंड सुजलंय, काय करू? पाठवलं. माझा चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत फोन वाजला.

"आला," अवनी म्हणाली.

"मग झालं तर! पडून राहा. सुंठ उगाळून लावते."

मी कॉलेजला गेलो. मी राज्यशास्त्र शिकवतो. त्या दिवशीचा तास 'निर्णयप्रक्रियेत माहितीचे स्थान' यावर होता. तास चांगला झाला.

साडेअकराला लतिकाचा फोन. "अवनीला उलटी झाली. बरगड्यांखाली दुखतंय म्हणते. पित्त आहे, तुमच्यावर गेलीय. घाबरू नका, त्यांना कळवलंय, अंगठा आलाय."

मी घाबरलो नाही. दुपारी एकला घरी पोहोचलो. खोलीच्या खिडक्या बंद होत्या, अवनीला उजेड सहन होत नव्हता. मी कॉटजवळ गेलो. तिने मान वळवून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बाबा, तुम्ही अर्धेच दिसताय."

"कुठला अर्धा?" मी विचारलं. हा माझा स्वभाव आहे, त्याला केयूरकडेही औषध नव्हतं.

"डावा," ती म्हणाली. हसली नाही.

आमच्याकडे ब्लडप्रेशरचं यंत्र होतं. केयूरनेच दिलं होतं. जावयाने दिलेली पहिली वस्तू म्हणून ते शोकेसमध्ये चांदीच्या करंडकाशेजारी ठेवलं होतं, प्लास्टिकसकट. ते उघडायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. पण ते लावायचं ते केयूररावांनीच, असं घरात धरून चाललेलं होतं. मी प्लास्टिक दाताने फाडलं. पट्टा अवनीच्या दंडाला गुंडाळला. दंडही सुजलेला, पट्टा पुरेना. यंत्र घरघरलं आणि आकडे दाखवले: एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे सोळा.

"बिघडलंय," लतिका म्हणाली. "इतके दिवस पडून होतं ना."

मग यंत्राची परीक्षा झाली. माझ्या दंडावर: एकशे चौतीस, शहाऐंशी. लतिकाच्या: एकशे अठ्ठावीस, ऐंशी. पुन्हा अवनीच्या: एकशे चौऱ्याऐंशी, एकशे अठरा. यंत्र ठणठणीत होतं. हे सिद्ध करायला आम्ही दहा मिनिटं घालवली.

मी आकड्यांचा फोटो काढून केयूरला पाठवला. चार सेकंद. अंगठा.

लतिकाने सुस्कारा सोडला. "बघा. गरोदरपणी एवढं असत असेल."

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिलो. मला वैद्यकातलं काही कळत नाही, पण पंचवीस वर्षं मी परीक्षेचे पेपर तपासतो आहे. न वाचता दिलेला मार्क मला ओळखता येतो, कारण मी ते दिलेले आहेत. मी टाइप केलं: घराला आग लागली आहे. पाठवलं. लतिकासमोर फोन धरला.

एक. दोन. तीन. अंगठा.

लतिकाने चष्मा लावून दोनदा वाचलं. "अहो, कुठे आग लागली?"

"कुठेच नाही."

ती कॉटच्या कडेवर बसली. "मग सकाळचा?"

"तसाच."

"आणि पपईचा?"

"पपईचासुद्धा."

अवनी डोळे मिटून पडली होती. ती हळूच म्हणाली, "बाळ हललं नव्हतं, त्याचाही."

मी केयूरला फोन केला. अकरा वेळा. वाजत राहिला; वॉर्डात फोन उचलायला मनाई होती, अंगठ्याला नव्हती. ॲम्ब्युलन्सला लावला. तिकडून एक बाई समजुतीने बोलल्या, "गली में गाड़ी कैसे आएगी भइया? सोनारपुरा तक ले आइए. और रामनगर का पुल अभी बंद है, वीआईपी मूवमेंट है. दो घंटा मान के चलिए." कोण येणार होतं ते त्यांना माहीत नव्हतं. आम्हालाही अजून कळलेलं नाही. पण त्या मनुष्याला रस्ता मोकळा मिळाला असावा.

राहिली गंगा. गोपीनाथजींनी आपल्या गच्चीवरून खाली घाटावर हाक मारली, "विष्णु! ए विष्णु! मोटर चालू कर, रामनगर!" विष्णु मल्लाह आमच्या घाटावरचाच नावाडी. त्याने खालून विचारलं, "कितनी सवारी?" गोपीनाथजी आयुष्यभर रेल्वेत होते, त्यांनी जरा विचार करून उत्तर दिलं, "पौने पाँच!"

माझी लिहायची वेताची खुर्ची काढली. अवनीला बसवलं, लतिकाच्या दोन साड्यांनी बांधलं. विष्णु आणि त्याचा चुलतभाऊ पुढे, मी आणि अडुसष्ट वर्षांचे गोपीनाथजी मागे. सत्तर पायऱ्या उतरायच्या. काशीत चौघांनी माणसाला उचलून घाटाकडे निघालं की लोक वाट देतात, विचारत नाहीत. आम्हालाही दिली. चहावाल्याने डोक्याचा गमछा काढला. पायऱ्यांवर बसलेल्या यात्रेकरूंनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने अवनीच्या पायावर झेंडूचं फूल ठेवलं आणि पुटपुटला.

"बाबा, हे लोक मला नमस्कार का करतायत?"

"देवी वाटतेस."

"खोटं नका बोलू. दिसत नाहीये मला, ऐकू येतंय."

म्हाताऱ्याने 'राम नाम सत्य है' म्हटलं होतं. मी त्याला मराठीत एक शब्द ऐकवला. त्याला आशीर्वाद वाटला असावा, त्याने मलाही नमस्कार केला.

नाव निघाली. गोपीनाथजी काठावरच बसकण मारून राहिले, त्यांना धाप लागली होती. अवनी फळीवर आडवी, डोकं लतिकाच्या मांडीवर. ऊन होतं. पलीकडे वाळू, अलीकडे एकामागून एक घाट, कुठे कोणी कपडे धुतंय, कुठे कोणी पतंग उडवतंय. केदार घाट गेला, हरिश्चंद्र घाट आला. तिथल्या चितांच्या धुराकडे मी पाठ केली. लतिकाने पदराने अवनीचे डोळे झाकले. ती म्हणाली, "आई, वास येतो गं मला."

पुढे अस्सीच्या जवळ अवनीचा जबडा आवळला गेला. मान एका बाजूला ओढल्यासारखी वळली आणि सगळं अंग ताठ होऊन थडथडायला लागलं. फळी वाजत होती. लतिका ओरडली, "अहो, दातखिळी! काहीतरी घाला तोंडात! किल्ली! चमचा!" मी खिसे चाचपले. खिशात खडू होता.

विष्णुने सुकाणू भावाकडे टाकलं आणि दोन उड्यांत आला. "मुँह में कुछ मत डालिए, प्रोफेसर साहब! करवट कीजिए. करवट! हमारी दीदी को आता था." त्याने आणि मी मिळून तिला कुशीवर वळवलं. तोंडातून फेस आला, त्यात रक्त होतं. किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे बघत होतो, पण काटे वाचता येत नव्हते. नंतर ती सैल पडली आणि घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. लतिका एकच वाक्य म्हणत राहिली, "मी चहा दिला तिला. मी चहा दिला."

मी तर तिला कुठला अर्धा, असं विचारलं होतं.

रामनगरच्या घाटावरून बॅटरीची टोटो रिक्षा, टोटोतून प्रसूती विभाग. काउंटरवरच्या सिस्टरने मान वर न करता विचारलं, "पर्चा?"

"हमारे दामाद यहीं डॉक्टर हैं," मी म्हणालो. हे वाक्य मी दीड वर्ष तयार ठेवलं होतं.

"किस विभाग में?"

"हड्डी."

"तो इनकी हड्डी टूटी है?"

मग तिने मान वर केली आणि अवनीचा चेहरा पाहिला. पेन टाकलं, आत बघून ओरडली, आणि अर्ध्या मिनिटात पाच माणसं गोळा झाली. या देशात एवढ्या वेगाने काही होताना मी कधी पाहिलेलं नाही. लहान चणीच्या एक डॉक्टरीणबाई अवनीच्या पापण्या उघडून बघतबघताच विचारत होत्या.

"सिरदर्द कब से?"

"सुबह से."

"सुबह से! आख़िरी जाँच कब हुई थी?"

मी लतिकाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "डेढ़ महीना," मी म्हणालो.

"घर में किसी को समझ नहीं आया?"

"घर में डॉक्टर हैं," लतिका म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "अभी ऑपरेशन करना पड़ेगा. माँ और बच्चा, दोनों की जान को ख़तरा है. पति को बुलाइए, दस्तख़त चाहिए."

हाडांचा विभाग समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मी शिव्या तयार करत जिना चढलो. पहिल्या मजल्यापर्यंत मराठी होत्या, दुसऱ्यापासून बनारसी. क्रमही लागला होता.

प्लास्टरच्या खोलीत केयूर एका पालथ्या बादलीवर बसला होता, पाठ भिंतीला टेकून. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, वाळून भेगा पडलेले. उजव्या हातात, मांडीवर, फोन. समोर टेबलावर एक दणकट इसम आडवा होता, त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आणि वरचा भाग अजून उघडा. मला बघताच त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"अभी-अभी आँख लगी है," तो कुजबुजला. "तीन दिन से ड्यूटी पर हैं बेचारे. हम रुके हैं, हमको जल्दी नहीं है."

केयूरचा फोन थरथरला. त्याचा अंगठा हलला, काचेवर दोनदा टेकला, परत जागेवर गेला. डोळे मिटलेलेच.

मी तिथे उभा राहून माझा फोन काढला. का, ते विचारू नका. टाइप केलं: अवनी मरते आहे. पाठवलं.

त्याच्या हातातला फोन थरथरला. अंगठा हलला. माझ्या हातातला फोन वाजला.

केयूरच्या पापणीवर प्लास्टरचा एक ठिपका होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं, श्वास संथ चालला होता. शिव्यांचा क्रम मला आठवेना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जे लिहिलं होतं ते मोठ्याने म्हटलं.

त्याने डोळे उघडले. "कुठला बेड?"

मग माझा चेहरा दिसला. "बाबा? तुम्ही?"

तो धावला, मी मागे. जिन्यात धावताधावता त्याने फोनवरचे निरोप मागे सरकवले आणि सकाळपासूनचं सगळं त्याच्यासमोर आलं: डोकं, डोळे, सूज, उलटी, बरगड्या, एकशे अठ्ठ्याहत्तर एकशे सोळा, आग. प्रत्येकाखाली त्याचा अंगठा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. कठडा धरला.

"बाबा, हे तर पहिल्या वर्षाचं पोरही... नुसतं वाचलं असतं तरी..."

"नंतर," मी म्हणालो. "आधी सही."

सिस्टरने फॉर्म पुढे केला. केयूरने तो घेतला आणि वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून. हलत्या ओठांनी, लहान मुलासारखा.

"डॉक्टर साहब, आप तो दिन में दस बार करवाते हैं. इसमें पढ़ना क्या है?"

"एक मिनट, सिस्टर."

"कोई नहीं पढ़ता."

"मालूम है," केयूर म्हणाला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग सही केली. कागदावर प्लास्टरचे कण सांडले, ते सिस्टरने फुंकून टाकले आणि कागद घेऊन आत पळाली.

चार वाजून पन्नास मिनिटांनी मुलगी झाली. एक किलो सातशे ग्रॅम. आम्हाला रडणं ऐकू आलं नाही, म्हणून आम्ही काही विचारलं नाही. काचेच्या पेटीत घालून तिला आमच्यासमोरून नेलं. पेटीत बहुतेक नळ्याच होत्या. अवनीला टेबलावर आणखी एक झटका आला होता. ती शुद्धीवर कधी येईल, असं मी केयूरला विचारलं.

"मला माहीत नाही, बाबा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून आम्हाला मिळालेलं हे पहिलं वैद्यकीय मत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास अवनीने डोळे उघडले. आम्हाला आत सोडत नव्हते. तासाने लतिकाच्या हट्टापायी सिस्टरने अवनीचा फोन तेवढा आत नेऊन दिला. मी, लतिका आणि केयूर बाहेरच्या बाकावर होतो. केयूरचे हात अजून पांढरेच होते, धुवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या फोनवर निरोप आला: ती कशी आहे? खरं सांग.

त्याने फोन दोन्ही हातांनी धरला. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. मध्येच उठून मुलीच्या काचेपाशी गेला, बघून आला, पुन्हा लिहायला लागला. तेवढ्यात डॉ. मुकुलांचा फोन आला. बाजूला बसून मला सगळं ऐकू येत होतं. "कल से ग्रुप पे तेरा एक भी थंब नहीं है. चल क्या रहा है?" केयूर म्हणाला, "सर, बीवी आईसीयू में है." तिकडून, "अच्छा. तो एक थंब डाल के बता देता." केयूर म्हणाला, "जी सर." ठेवला आणि परत लिहायला लागला.

पाऊण पान झालं असेल. मी चोरून वाचलं. वजन लिहिलं होतं, श्वास मिनिटाला किती ते लिहिलं होतं, ऑक्सिजन कमी केला आहे पण काढलेला नाही, साखर दोनदा खाली गेली होती, नाकातल्या नळीतून पहिलं दूध दोन मिली. दोन दिवस काही सांगता येणार नाही, हेही. उजवा कान दुमडलेला आहे, केस तुझ्यासारखे. शेवटी: सगळी चूक माझी आहे, आणि हे तू वाचत असशील तर मी दाराबाहेरच आहे. पाठवण्याआधी त्याने सगळं एकदा वाचून काढलं.

निळ्या खुणा आल्या. तिने वाचलं. आम्ही तिघं फोनच्या काचेकडे बघत बसलो.

अंगठा आला.

केयूरने फोन माझ्यासमोर धरला. "बाबा, हे काय?"

"अंगठा."

"म्हणजे काय? रागावली? की बरं वाटतंय? की तिचा हात नुसता..."

"मला काय विचारतोस? यातला जाणकार तू."

तो उठला आणि धावत सुटला. "अरे! डॉक्टर साहब! चप्पल! गाउन!" असा सिस्टरचा ओरडा ऐकू आला आणि दार बंद झालं. आतून कोणाचा तरी हुंदक्यासारखा आवाज आला. हसण्याचाही असू शकेल, बाहेरून कळत नव्हतं.

लतिकाने पर्समधून आपला फोन काढला. "विचारून बघते काय झालं ते."

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला, बाकावर ठेवला, आणि आम्ही दोघं दार ढकलून आत गेलो.